डिकन्सच्या पात्रांमागची खरी माणसं दाखवणारा लंडनचा वॉक : पाचपैकी चार

लंडनमध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या नावावर चालणारे वॉक ढीगभर आहेत, त्यातला हा जरा वेगळा वाटला म्हणून बुक केला. 'इथे तो राहायचा, इथे तो बसायचा' असली पाटीदर्शन टूर नाहीये ही. कादंबरीतलं अमुक पात्र ज्या खऱ्या माणसावरून उचललं तो माणूस कोण होता, कुठे होता, आणि मुख्य म्हणजे ते छापून आल्यावर त्याचं काय झालं, एवढ्याच एका धाग्यावर सगळा वॉक आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारीही आहेत, दोन तीन माणसांचा छोटा धंदा आहे, त्यांना जे सांगायचं ते ईमेलवर सांगून झालंय. रूट मात्र सगळा सांगतो, म्हणजे कुणाला आपलं आपण फिरायचं असेल तरी उपयोग होईल.

बरो ट्यूब स्टेशनला सुरू होतो आणि वर डाऊटी स्ट्रीटला संपतो, जवळजवळ तीन तास, बरंच चालणं आहे आणि मधे बसायला फारसं मिळत नाही. आमचा गाईड रिटायर्ड शाळामास्तर, आवाज छान, हातात कागद नाही, एकही तारीख वाचून सांगितली नाही. माझ्यासोबत वहिनी होती, तिने डिकन्सचं एक पान वाचलेलं नाही आणि सगळ्यात जास्त प्रश्न तिनेच विचारले, त्यामुळे 'आधी वाचून जायला हवं का' याचं उत्तर इथेच देऊन टाकतो, नाही, पण एखादी वाचलेली असेल तर मजा दुप्पट आहे.

पहिला स्टॉप मार्शलसीची भिंत. बरो हाय स्ट्रीटवरून आत एक बोळ जातो, लायब्ररीच्या शेजारून, तिथे जुन्या कर्जबुडव्यांच्या तुरुंगाची एक उंच विटांची भिंत उरलीये, तुरुंग 1842 ला बंद झाला. 1824 च्या फेब्रुवारीत डिकन्सच्या वडिलांना, जॉन डिकन्सना, एका बेकरीवाल्याचे 40 पौंड 10 शिलिंग थकवले म्हणून इथे टाकलं. पाठोपाठ आई आणि धाकटी भावंडंही आतच राहायला आली, आणि नुकता बारा पूर्ण झालेला चार्ल्स बाहेर, बूट पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवत, आठवड्याला सहा सात शिलिंगवर. वडील म्हणजे 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला मिकॉबर, हे बहुतेकांना माहीत असतं. ते सुप्रसिद्ध गणित, वीस पौंड कमाई आणि खर्च त्याच्या सहा पेन्स आत असेल तर सुख, सहा पेन्स वर गेला तर दुःख, ते वडिलांनी पोराला याच तुरुंगात ऐकवलेलं आहे. स्वतः आत बसून! गाईडने ते अगदी मिकॉबरच्या थाटात म्हणून दाखवलं, लोकं हसली, आणि मग तो शांतपणे म्हणाला की हसू येतंय ना, पोराने लिहिलंच तसं, ते लिहायला त्याला पंचवीस वर्षं लागली.

तिथून जवळच लँट स्ट्रीट. वडील आत असताना चार्ल्स इथे एका खोलीत भाड्याने राहायचा आणि सकाळी तुरुंगात जाऊन घरच्यांबरोबर नाश्ता करायचा. त्या घरमालकाचं गुबगुबीत, प्रेमळ कुटुंब पुढे 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मध्ये आलं, गार्लंड म्हणून. आणि डिकन्स कुटुंबाने वर्कहाउसमधून, म्हणजे गरिबांच्या आश्रमातून आणलेली एक अनाथ कामवाली पोरगी होती, तीसुद्धा त्याच कादंबरीत मार्शनेस होऊन आली. त्या घराचं आता काही उरलेलं नाही, त्या रस्त्यावर डिकन्सच्या नावाची प्राथमिक शाळा आहे, आजूबाजूला कॉपरफील्ड स्ट्रीट, लिटल डॉरिट कोर्ट अशी नावं. म्हणजे पात्रांच्या नावाने रस्ते आहेत आणि ज्यांच्यावरून पात्रं घेतली त्यांचा पत्ता नाही. हे मी म्हणतोय, गाईड नाही.

आता ज्या स्टॉपसाठी मी हा वॉक कुणालाही रेकमेंड करेन तो. हार्पर रोडजवळ न्यूइंग्टन गार्डन्स म्हणून एक छोटी बाग आहे, पोरं खेळतात, बाकडी आहेत. इथे पूर्वी हॉर्समंगर लेन जेल होतं. आणि 'ब्लीक हाउस'मधल्या एक नाही दोन पात्रांचे मूळ मालक या एकाच जागेशी जोडलेले आहेत.

पहिला ली हंट. कवी, संपादक, राजपुत्राविरुद्ध लिहिलं म्हणून 1813 ते 1815 अशी दोन वर्षं या जेलमध्ये काढली. माणूस असा की कोठडीला गुलाबांचा वॉलपेपर लावून घेतला, छतावर आकाश रंगवून घेतलं, पियानो आणवला. त्या काळच्या मोकळ्या विचारांच्या लोकांचा तो हिरो होता. आणि याच माणसावरून डिकन्सने हॅरॉल्ड स्किम्पोल केला, 'मी तर बाळ आहे हो, मला पैशातलं काय कळतं' असं गोड बोलत दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, आणि वेळ आली तर आजारी पोराला पैसे घेऊन पकडून देणारा. आधी पात्राचं नाव लेनर्ड ठरलं होतं, ते ली च्या फार जवळ जातं असं मित्रांनी सांगितल्यावर हॅरॉल्ड केलं, म्हणजे कळत नकळत वगैरे काही नाही. एका ओळखीच्या बाईंना 1853 मध्ये डिकन्सने पत्रात लिहिलंय की शब्दांत रंगवलेलं इतकं हुबेहूब चित्र याआधी झालं नसेल. आणि हंट दुखावला गेलाय हे कळल्यावर हंटला काय सांगितलं, तर तो तू नव्हेच!

बरं हे दोघं शत्रू नव्हते. हंटच्या मदतीसाठी डिकन्सने 1847 मध्ये हौशी नाटकाचे प्रयोग करून पैसे उभे केले होते, स्वतः स्टेजवर उभं राहून. 1859 ला हंट गेला, त्यानंतर डिकन्सने आपल्या साप्ताहिकात एक खुलासा लिहिला की बोलण्याची लकब तेवढी घेतली होती, दुर्गुण त्याचे नव्हते. माझ्या मते हा खुलासा अगदी फुसका आहे. लकब इतकी बरोबर घेतल्यावर लोकं बाकीचं पण खरंच धरणार, एवढं त्याला कळत नव्हतं असं थोडीच आहे, वाचकाला काय वाटेल हे त्या माणसाइतकं कुणाला कळत होतं. गाईड मात्र डिकन्सची बाजू घेत होता, हंट खरंच सगळ्यांकडून उसने घ्यायचा वगैरे, आणि ग्रुपमधल्या एक आजी त्याच्याशी भांडल्या, ती पाच मिनिटं पैसे वसूल.

दुसरी मारिया मॅनिंग. नवऱ्याच्या साथीने खून केला म्हणून 13 नोव्हेंबर 1849 ला दोघांना याच जेलच्या छपरावर जाहीर फाशी दिली, हजारो लोकं बघायला, डिकन्सही बघायला, आणि मग त्या गर्दीचा हिडीसपणा बघून त्याने टाइम्सला पत्रं लिहिली की जाहीर फाशी बंद करा. बाई मूळची स्विस, एका बड्या घरच्या बाईसाहेबांची मेड होती. 'ब्लीक हाउस'मधली ती फ्रेंच मेड ऑर्तान्स, संतापाने अनवाणी गवतातून चालत जाणारी, ती हिच्यावरून. दोन्ही पात्रं एकाच कादंबरीत, एक मूळ माणूस घरी बसून वाचू शकत होता, दुसरी मूळ बाई तक्रारीचं पत्र लिहायला उरलेलीच नव्हती. गाईडने इथे कसलंही भाष्य केलं नाही, दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि पाणी प्यायला. मला ते फार आवडलं.

पुढे ब्लॅकफ्रायर्स रोडवर एका कोपऱ्यात खांबावर भांडं चाटणाऱ्या कुत्र्याचा पुतळा आहे, लहानपणी कामावरून घरी जाताना डिकन्सची ती खूण होती, तो फोटोपुरता स्टॉप. मग नदी ओलांडून चेरिंग क्रॉस. स्टेशन आहे तिथे पूर्वी हंगरफर्ड मार्केट आणि खाली नदीकाठी तो बूट पॉलिशचा कारखाना. उंदरांनी भरलेली पडकी जागा होती म्हणे, आता प्रवाशांची गर्दी. इथली गोष्ट बॉब फॅगिनची. कारखान्यात थोडा मोठा एक मुलगा होता, बॉब फॅगिन, त्याने पहिल्या दिवशी दोरी बांधायची युक्ती शिकवली. एकदा चार्ल्सच्या कुशीत जोराची कळ आली तर त्याला पेंढ्यावर झोपवलं आणि बॉबने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस शेक दिला. आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या पोरांना चोरी शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला नाव दिलं ते हे. का दिलं? गाईडचं म्हणणं असं की चार्ल्सला त्या पोरांच्यात मिसळून जायची भीती वाटायची, आणि जो प्रेमाने वागतो तोच तुम्हाला तिथे अडकवतो, म्हणून. मला हे पटलं पण थोडं जास्तच गुळगुळीत वाटलं, कदाचित नाव कानाला बरं लागलं असेल, लेखक लोकं तेवढ्यावरही चोऱ्या करतात. वाचकांना यातलं काहीच माहीत नव्हतं, डिकन्स 1870 ला गेल्यावर मित्र फॉर्स्टरने चरित्र लिहिलं तेव्हा कारखान्याची सगळी हकीकत बाहेर आली.

आता पहिली तक्रार. या वॉकमधली सगळ्यात भारी गोष्ट, मिसेस हिलची, गाईडने स्ट्रँडच्या सिग्नलला उभं राहून सांगितली. बसेस, सायरन, बांधकाम, मागच्या लोकांना अर्धं ऐकू गेलं नाही. इयरफोन देत नाहीत आणि ग्रुप वीसच्या वर होता. मी पुढे घुसलो म्हणून मला ऐकू आलं, तर ती गोष्ट सांगतोच.

जेन सीमूर हिल म्हणून एक बाई, अगदी बुटक्या, नखं आणि पायांची निगा राखायचं काम करायच्या, डिकन्स तेव्हा डेव्हनशायर टेरेसला राहायचा तिथल्याच शेजारी. 'डेव्हिड कॉपरफील्ड' महिन्याला एक अंक असं येत होतं, 1849 च्या डिसेंबरच्या अंकात मिस मॉवचर नावाचं पात्र आलं, बुटकी, घरोघरी जाऊन श्रीमंतांचे केस बिस करणारी, चुरचुरीत बोलणारी आणि पुढे स्टीअरफोर्थ नावाच्या पात्राच्या वाईट उद्योगात हातभार लावणार अशी चिन्हं असलेली. मिसेस हिलनी वाचलं आणि 18 डिसेंबरला पत्र लिहिलं, की शरीरावरून आयुष्यभर सोसलंच आहे पण एवढ्या मोठ्या लेखकाच्या हातून असं होईल वाटलं नव्हतं. वकीलही गाठला. आणि डिकन्स वरमला! काही गोष्टी तुमच्यावरून घेतल्या हे कबूल केलं आणि कळवलं की पात्राला चांगलं वळण देतो. मार्चच्या अंकात मिस मॉवचर परत येते ती रडत, पश्चात्ताप करत, आणि लहान शरीराच्या माणसाला लहान डोक्याचा समजू नका असं सुनावत.

हे शक्य झालं कारण कादंबरी अजून लिहून व्हायची होती. टीव्हीवरच्या मालिकेत लोकं ओरडली की व्हिलन असलेली सून रातोरात सुधारते ना, तसंच. पुस्तक एकगठ्ठा छापलं असतं तर मिसेस हिलना दुसऱ्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं असतं. आणि तुम्ही आज ती कादंबरी वाचली तर सांधा स्पष्ट दिसतो, आधीची मॉवचर आणि नंतरची मॉवचर एक बाई वाटतच नाही. म्हणजे एका शेजारणीने इंग्रजी साहित्यातल्या इतक्या गाजलेल्या कादंबरीत कथानकाला खिंडार पाडलं आणि ते आजही तिथे आहे. कलेचं नुकसान झालं का, झालं. मला त्याचं काही वाटतं का, नाही.

एलायझा डेव्हिसची गोष्ट याच जातकुळीची, ती चालता चालता उरकली. तिच्या नवऱ्याने 1860 मध्ये डिकन्सचं टॅव्हिस्टॉक हाउस विकत घेतलं होतं, ज्यू कुटुंब. 1863 ला तिने पत्र लिहिलं की फॅगिनमुळे आमच्या सगळ्या समाजावर अन्याय झाला. डिकन्सने आधी समर्थन केलं, पण पुढच्या कादंबरीत राया नावाचा सज्जन ज्यू म्हातारा आणला आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट'च्या नव्या आवृत्तीत फॅगिनला सारखं 'तो ज्यू' म्हटलेलं होतं ते बऱ्याच ठिकाणी काढलं. बाईंनी त्याला 1867 मध्ये हिब्रू बायबल भेट पाठवलं. इथे पात्राचं मूळ वगैरे प्रश्नच नाही तरी ही गोष्ट या वॉकमध्ये घेतली हे चांगलं केलं, फक्त अजून वेळ द्यायला हवा होता.

मारिया बीडनेल तर सगळ्यांना आवडली. तरुणपणी डिकन्स जिच्या मागे वेडा झालेला, बँकवाल्याची मुलगी, 1833 ला प्रकरण संपलं, ती पुढे 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधली डोरा झाली. 1855 ला तिचं, आता मिसेस विंटर, अचानक पत्र आलं, हा परत हवेत, पत्रावर पत्रं, मग प्रत्यक्ष भेट, आणि फुगा फुटला. लगेच 'लिटल डॉरिट'मध्ये फ्लोरा फिंचिंग, जाड, बडबडी, अजून स्वतःला सोळा वर्षांची समजणारी. एका बाईवर दोन पात्रं, एक प्रेमात आणि एक प्रेम उतरल्यावर. वहिनी म्हणाली, "आणि हा स्वतः काय तसाच राहिला होता का?" गाईडकडे उत्तर नव्हतं.

वहिनीचाच अजून एक प्रश्न, "आईवरून काही नाही लिहिलं?" लिहिलंय तर, 'निकोलस निकलबी'मधली मिसेस निकलबी, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारणारी, कशातच धड न कळणारी. आणि ती वाचून आईने पोरालाच विचारलं की अशी बाई जगात कुठे असते का खरंच! हे डिकन्सनेच एका मित्राला पत्रात कळवलंय, मजा वाटून. पण यामागे राग पण आहे, वडील सुटल्यावरही आईला वाटत होतं की पोराने कारखान्यात परत जावं, ते तो मरेपर्यंत विसरला नाही. वडिलांनी कर्जं केली तर मिकॉबरसारखं लाडकं पात्र, आईने एक वाक्य म्हटलं तर मिसेस निकलबी. वहिनी पुढे बराच वेळ यावरच बोलत होती, मला पटतंय तिचं.

शेवट डाऊटी स्ट्रीट, 48 नंबर. डिकन्स इथे 1837 ते 1839 राहिला, 1925 पासून म्युझियम आहे. बायकोची धाकटी बहीण मेरी हॉगार्थ याच घरात 7 मे 1837 ला गेली, सतरा वर्षांची, एका रात्रीत, त्याच्या हातात. पुढच्या महिन्याचे हप्ते त्याने लिहिलेच नाहीत, इतका बसला होता तो. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधली रोझ मेयली सतराव्या वर्षी मरणाच्या दारातून परत येते, आणि नंतरच्या 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधली लिटल नेल येत नाही. म्युझियमचं तिकीट वॉकमध्ये धरलेलं नाही, वेगळं काढावं लागतं, हे बुकिंग करताना नीट वाचा, आमच्या ग्रुपमधली दोघं तिघं चिडली होती. आत जरूर जा, वरच्या मजल्यावरची मेरीची खोली बघा.

दुसरी तक्रार गाईडच्या एका सवयीची. मधेमधे तो 'ओळखा पाहू' खेळ खेळतो, पात्राचं नाव सांगणार आणि चार नावांतून मूळ माणूस ओळखायचा. लोकांना आवडतं, पण त्यामुळे एक पात्र बरोबर एक माणूस असं समीकरण डोक्यात बसतं, आणि तसं बहुतेक वेळा नसतं. मिकॉबर म्हणजे जॉन डिकन्स हे खरं, पण 'लिटल डॉरिट'मध्ये तुरुंगात मिरवणारा तो म्हातारा विल्यम डॉरिट पण जॉन डिकन्सच आहे, फक्त तो वाचताना हसू येत नाही. एका बापाचे दोन तुकडे केलेत. वॉक मार्शलसीच्या भिंतीला सुरू होतो आणि हे तिथे सांगितलं नाही म्हणजे काय! ईमेलमध्ये हेच पहिलं लिहिलंय.

पाचपैकी एक गुण कापला तो सिग्नल आणि ग्रुपसाईझसाठी. किंमत लंडनच्या मानाने ठीक वाटली. पावसात पण कॅन्सल करत नाहीत, छत्रीपेक्षा जॅकेट बरं, कारण छत्र्यांच्या गर्दीत गाईड दिसतच नाही. बूट चांगले घाला, आणि स्लॉट घ्यायचाच तर रविवार सकाळचा घ्या, स्ट्रँडवर तेव्हा ट्रॅफिक कमी असतं म्हणे, मिसेस हिल तरी नीट ऐकू येतील.